क्रोशाची वही आणि कॉम्प्युटरची भाषा

आम्ही क्रोशा विणणाऱ्या गटातल्या बायका आज पुन्हा तुमच्याशी बोलायला आलो आहोत. वही-पेन जवळ ठेवा, शेवटी देवघराच्या तोरणाचा एक छोटा नमुना सांगणार आहोत. पण त्याआधी एक वेगळीच गोष्ट. क्रोशाचा नमुना जिला वाचता येतो, आणि त्याहून जास्त म्हणजे जिला तो कागदावर उतरवता येतो, तिला कॉम्प्युटरला काम सांगण्यातला बराचसा विचार आधीच येत असतो. हे ऐकून काही जणी हसतील. आमच्या गटातही हसल्या होत्या.

आमच्यातल्या एका वहिनींची मुलगी आठवीत आहे. शाळेत त्यांना कॉम्प्युटरवर रंगीत ठोकळे एकाखाली एक लावून प्रोग्रॅम करायला शिकवतात. प्रोग्रॅम म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या आज्ञांची यादी, तीच लिहिली की तिला कोड म्हणतात. एके दिवशी तिने आईच्या विणकामाच्या पिशवीतली चिठ्ठी वाचली. चिठ्ठीवर होतं: ‘दोन साधे, तिसऱ्यात दोन, असे सहा वेळा.’ ती म्हणाली, “आई, आमच्या ठोकळ्यात पण अस्संच असतं. ‘सहा वेळा करा’ असा एक ठोकळाच असतो.”

पोरीचं म्हणणं आम्ही नीट तपासून पाहिलं. कॉम्प्युटर म्हणजे पक्का सांगकाम्या. सांगितलं तेवढंच करणार, न सांगितलेलं काही समजून घेणार नाही. स्वयंपाकात आपण ‘चवीपुरतं मीठ’ म्हणतो आणि नवी सूनही ते निभावून नेते. कॉम्प्युटरला ‘चवीपुरतं’ कळत नाही. किती, कशानंतर, किती वेळा आणि कुठे थांबायचं, ही चारही उत्तरं त्याला लागतात. आता क्रोशाच्या चिठ्ठीत दुसरं काय असतं?

गोल आसन घ्या. मुक्या खांबांनी विणायचं. पहिल्या फेरीत ६ खांब. दुसरीत प्रत्येक टाक्यात दोन, झाले १२. तिसरीत एक साधा, पुढच्या टाक्यात दोन, असं सहा वेळा, झाले १८. चौथीत दोन साधे, पुढच्यात दोन, सहा वेळा, २४. आसन चाळीस फेऱ्यांचं असलं तर चाळीस ओळी लिहायच्या का? नाही. एकच ओळ पुरते: फेरीच्या आकड्यातून दोन वजा करा, तेवढे साधे खांब घाला, मग एका टाक्यात दोन, आणि हे सहा वेळा. दहावी फेरी आहे? दहातून दोन गेले आठ. आठ साधे, मग एकात दोन, सहा वेळा. मोजा, ६० भरतील. कॉम्प्युटरवाले अशा ओळीला ‘लूप’ म्हणतात. लूप म्हणजे फेराच. फुगडीला आपण घेतो तसा.

आता सहाच का? हा प्रश्न आम्हाला आधी कधी पडला नव्हता, कारण सहा घातले की आसन सपाट बसतं एवढं पुरे होतं. कारण बांगडीत आहे. बांगडीच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर एक बोट वाढवलं, की तिचा घेर सहा बोटांहून किंचित जास्त वाढतो, मग बांगडी तान्हीची असो की आजीची. मुका खांब साधारण जेवढा उंच तेवढाच रुंद असतो, म्हणून दर फेरीला सहाची वाढ. साधा खांब त्याच्या दुपटीच्या आसपास उंच, म्हणून त्याच्या आसनाला दर फेरीला बाराची. पाच घातले तर कडा उचलतात आणि वाटी होते. आठ घातले तर कडेला झालर पडते.

त्या झालरीचीच एक हकीकत आहे. लाटव्हिया देशातून अमेरिकेत गेलेल्या डाइना टाइमिना नावाच्या गणितज्ञ बाई आहेत. गणितात एक असा पृष्ठभाग आहे, जो कडेकडे जाताना सारखा पसरतच जातो. शिकवायला तो हातात धरून दाखवावा, तर कागदाचे नमुने चिकटवून करावे लागत आणि ते लवकर फाटत. १९९७ साली या बाईंनी क्रोशाची सुई घेतली आणि एकच नियम धरला: ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवायचा, शेवटपर्यंत, न चुकता. लोकरीचा तो पृष्ठभाग तयार झाला. विद्यार्थ्यांना तो दुमडून, ताणून बघता येऊ लागला. आपल्याकडे एखादीच्या आसनाला अशी झालर पडली की सासूबाई म्हणतात, “गं बाई, हे काय कोबीचं पान केलंस?” तिकडे त्याच कोबीच्या पानावर गणित शिकवलं.

टोपीचं गणित अजून वेगळं. आधी आसनासारखी वाढ करत जायचं आणि डोक्याच्या मापाइतका गोल झाला की वाढ थांबवून सरळ फेऱ्या घालायच्या. ‘माप भरलं का? नसेल तर वाढव, भरलं असेल तर थांबव.’ ही अट झाली. प्रोग्रॅम म्हणजे पायऱ्या, फेरे आणि अटी. यांच्यावरच फार मोठं काम चालतं.

आणि चूक? विणताना चौथ्या ओळीत एक टाका सुटला तर तो नवव्या ओळीत दिसतो. कडा तिरकी जाते. मग आपण मोजत मोजत मागे जातो, जिथे आकडा बिघडला तिथपर्यंत उसवतो आणि पुन्हा विणतो. कॉम्प्युटरवाल्यांचा कितीतरी वेळ याच कामात जातो. ते चुकीला ‘बग’ म्हणजे किडा म्हणतात. हा शब्द जुनाच आहे, पण १९४७ साली अमेरिकेत एका खोलीभर मोठ्या यंत्रात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला आणि तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. लोकरीला कसर लागते तशी यंत्रालाही लागते म्हणायची.

यंत्र आणि विणकाम यांची सोयरीक तशी जुनी आहे. फ्रान्समध्ये १८०४ साली जॅकार्ड नावाच्या माणसाने मागासाठी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वापरली. भोक असेल तर ताण्याचा धागा उचलायचा, नसेल तर नाही. असे पुठ्ठे ओळीने सरकत गेले की कापडावर फुलं-पानं उमटतात. येवल्याच्या मागांवरही जॅकार्ड दिसतात. ही युक्ती इंग्लंडमधल्या चार्ल्स बॅबेज यांनी आकडेमोडीच्या यंत्रासाठी घ्यायची ठरवली. यंत्र काही पुरं झालं नाही. पण त्या यंत्राने एक अवघड हिशेब कसा करावा याच्या पायऱ्या एडा लव्हलेस या बाईंनी १८४३ साली लिहून छापल्या, आणि मागावर जशी फुलं विणली जातात तसं हे यंत्र बीजगणित विणेल असंही लिहिलं. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींची शाळा काढली १८४८ ला. त्याच्या पाच वर्षं आधीची ही गोष्ट.

पुढे चंद्रावर जायची वेळ आली, १९६९. त्या यानातल्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम अक्षरशः ओवलेला होता. अमेरिकेतल्या वॉल्थम गावी रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात बायका बारीक तार लोहचुंबकी कड्यांमधून ओवत. तार कड्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. एक तार चुकीच्या बाजूने गेली तर प्रोग्रॅम चुकला. तिथले इंजिनियर या प्रकाराला थट्टेने ‘म्हाताऱ्या बायांची मेमरी’ म्हणत. थट्टा असेल, पण आम्हाला ती ओळखीची वाटली. आपल्या कामालाही ‘बायांचं रिकामपणाचं काम’ म्हणतातच की. आणि तोरणं मात्र दारोदार लागतात.

आता हे सगळं ऐकून ‘आपल्याला काय करायचंय’ असं वाटत असेल, तर आमच्या गटातलं सांगतो.

आमच्यात एक आजी आहेत. त्यांच्या माहेरची एक जाळी आहे, त्या तिला ‘मोगऱ्याची जाळी’ म्हणतात. तशी जाळी आम्ही बाजारात पाहिली नाही. रुखवतात त्यांचा रुमाल मांडला की बायका वाकून बघतात. आजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. शस्त्रक्रिया होईल, दिसायलाही लागेल, पण आम्हाला काळजी वाटायला लागली, कारण ती वीण फक्त त्यांच्या बोटांत होती. कागदावर एक अक्षर नाही. मग आम्ही ती लिहून घ्यायला बसलो.

“आजी, सुरुवातीला साखळ्या किती?”

“बसतील तेवढ्या.”

“बसतील म्हणजे किती?”

“हाताला कळतंय की गं.”

हाताला कळतं ते कागदाला कळवायला आम्हाला तीन दुपारी लागल्या. शेवटी अशी रीत बसवली. आजी सावकाश विणणार, एक जण मोठ्याने टाके मोजणार, एक जण लिहिणार. आणि चौथी आतल्या खोलीत बसून, आजींकडे न बघता, फक्त कागद वाचून विणणार. ती जिथे अडेल तिथे कागद अपुरा आहे असं धरायचं. ती तिसऱ्याच ओळीला अडली. प्रत्येक ओळ संपली की उलटायच्या आधी आजी तीन साखळ्या घालतात, त्या त्यांनी सांगितल्याच नव्हत्या. कारण त्यांच्या लेखी ते सांगायचं कामच नव्हतं, आपण श्वास घेतो हे कुणाला सांगतो का? तिसऱ्या दुपारी आतल्या खोलीतून जो तुकडा बाहेर आला तो आजींनी डोळ्यांजवळ धरला, मग बोटांनी चाचपला, आणि म्हणाल्या, “आक्काच्या हातचा वाटतोय.” आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, तिच्याकडून त्या शिकल्या.

त्या मोगऱ्याच्या जाळीच्या आता अकरा ओळी आहेत. वहिनींची मुलगी म्हणते, प्रोग्रॅम करणारे लोकही असंच करतात, दुसऱ्याला चालवायला देतात आणि कुठे अडतो ते बघतात.

लिहायचं कसं, हेही बोलायला हवं, कारण आपल्या सगळ्याच जणींना भरभर वाचता येत नाही. जपानमध्ये विणकामाची पुस्तकं खुणांनी छापतात. साखळीला लांबट शून्य, मुक्या खांबाला फुली किंवा अधिकचं चिन्ह, खांबाला उभी रेघ, तिच्या डोक्यावर आडवी रेघ आणि मधे एक तिरकी काट. सुईवर दोरा दोनदा घेऊन केलेला लांब खांब असेल तर काट दोन. जपानी भाषेचं एक अक्षर न येता हे विणता येतं. आमच्या गटातल्या दोघी शाळेत गेलेल्या नाहीत, त्या आज या खुणांवरून आमच्या इतक्याच वेगाने विणतात.

मोबाईलवरचे व्हिडिओ बघून विणणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची सूचना. अमेरिकेत ज्याला ‘सिंगल क्रोशे’ म्हणतात, त्याला ब्रिटनमध्ये ‘डबल क्रोशे’ म्हणतात. तो आपला मुका खांब. आणि अमेरिकेतलं ‘डबल’ म्हणजे ब्रिटनमधलं ‘ट्रेबल’, तो आपला साधा खांब. शब्द तेच, टाका वेगळा. नमुन्यात कुठे ‘सिंगल’ शब्द आला तर तो अमेरिकन पद्धतीचा आहे असं समजा. आपल्याकडेही गावोगाव नावं वेगळी असतील, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर आपल्या नावांचा अर्थ लिहून ठेवा.

आता पैशाचं. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगवणारी गोदावरी आंध्रात जिथे समुद्राला मिळते, त्या बाजूला नरसापूर नावाचं गाव आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि तो मोठा धंदा झाला, माल परदेशात जाऊ लागला. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाई, ज्यांनी १९६० च्या दशकात पुण्यात जर्मन शिकवलं होतं, त्यांनी तिथल्या बायकांवर पुस्तक लिहिलं, ते १९८२ साली निघालं. त्यात त्यांनी दाखवलं, की दिवसातले कितीतरी तास विणूनही या बायकांना कामगार धरत नसत. घरी बसून मोकळ्या वेळात विणणाऱ्या गृहिणी, असंच त्यांच्याकडे बघितलं जाई, आणि मजुरी नगावर, अगदी तुटपुंजी. शिवाय काम तुकड्यांत वाटलेलं. काही जणी फक्त फुलं विणायच्या, ती जोडायचं काम दुसऱ्या जणींचं, आणि विक्री व्यापाऱ्याच्या हातात.

हे वाचून दाखवलं तेव्हा आमच्या बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही. आमच्याकडेही एक व्यापारी येतो, नमुन्याचा तुकडा नेतो आणि महिन्याने सांगतो की हाच माल दुसरीकडे स्वस्तात झाला. तुकडा पाहून जाणती बाई वीण उलगडते, त्यामुळे वही कुलपात ठेवून फार उपयोग नाही हे आम्हालाही कळतं. वहीचा उपयोग दुसरा आहे. एक तर सात घरांत विणलेली सात तोरणं एका मापाची होतात. हात कुणाचा सैल, कुणाचा घट्ट, म्हणून नमुन्याच्या वर आम्ही लिहितो: कोणता दोरा, कोणत्या नंबरची सुई, आणि दहा खांबांची रुंदी टेपने किती भरली. त्या मापात बसेपर्यंत सुई बदलायची. दुसरं म्हणजे भाव. नमुना लिहिला की टाके मोजता येतात आणि टाके मोजले की वेळ मोजता येतो.

आज सांगायचंय ते तोरण जाळीच्या घरांचं आहे. घर दोन प्रकारचं, भरलेलं आणि रिकामं. भरलेल्या घरात तीन खांब, रिकाम्यात दोन साखळ्या आणि एक खांब. चौकटीच्या कागदावर घरं काळी करत गेलं की कमळ, मोर, ‘शुभ-लाभ’, काहीही निघतं. मोबाईलच्या पडद्यावरचं चित्रही अशाच बारीक चौकोनांचं असतं, फक्त ते डोळ्याला वेगळे दिसत नाहीत. एका ओळीत वीस घरं घेतली तर वीस त्रिक साठ आणि सुरुवातीचा एक, असे ६१ टाके. पंधरा ओळी म्हणजे ९१५. घड्याळ लावून शंभर खांब विणा, किती मिनिटं लागली ते लिहा आणि ९.१५ने गुणा. रिकाम्या घरांत साखळ्या येतात त्यामुळे थोडा वेळ वाचतो, तो कडेच्या कमानींना आणि टोकं दडवायला धरा. व्यापारी “घरबसल्या तर करता” म्हणाला, की ही मिनिटं त्याच्यापुढे ठेवायची. आमचा दर या हिशेबाने दोनदा वाढला. तिसऱ्यांदा तो कबूल झाला नाही, ती बोलणी अजून चालू आहेत.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. क्रोशा येतो म्हणून कॉम्प्युटरची नोकरी मिळते असं नाही. ती भाषा शिकावी लागते, तिथे इंग्रजी आडवं येतं, यंत्र हाताशी लागतं. पण ‘मुलीचं डोकं त्यात चालणार नाही, घरात कुणाला येतंय’ असं कुणी म्हणालं तर पोरीच्या हातात आईची वही द्या आणि म्हणणाऱ्याला त्यातली एक ओळ वाचून अर्थ सांगायला लावा.

चला, पेन घ्या. देवघराचं तोरण, वीस घरांचं.

६३ साखळ्या घाला. सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब, मग प्रत्येक साखळीत एक. सुटलेल्या तीन साखळ्या एक खांब धरून मोजा, ६१ झाले पाहिजेत. पुढच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तीन साखळ्या, तो पहिला खांब. मधल्या तेरा ओळी तुमच्या चित्राप्रमाणे, काळं घर भरलेलं, पांढरं घर रिकामं. पंधरावी ओळ पहिलीसारखी पूर्ण भरलेली. पुन्हा मोजा, ६१.

आता कड. काम उलटा, एक साखळी घाला आणि पहिल्या टाक्यात एक मुका खांब. मग दोन टाके सोडा, तिसऱ्यात पाच खांब, दोन टाके सोडा, पुढच्यात एक मुका खांब. ही एक कमान झाली. ‘दोन टाके सोडा’पासून इथपर्यंत दहा वेळा करा. शेवटचा मुका खांब बरोबर शेवटच्या टाक्यात यायला हवा. नाही आला तर मोजत मागे जा. कमानी १०, मुके खांब ११.

जिला मोठ्या दाराचं करायचं असेल तिने घरं कितीही वाढवावीत, फक्त आकडा सम ठेवावा, म्हणजे कमानी पुऱ्या बसतात. साठ घरांना १८३ साखळ्या लागतील आणि ३० कमानी येतील. चाळीस घरांना किती, ते तुम्हीच काढा आणि आम्हाला रेडिओच्या पत्त्यावर कळवा.